न पुसता येणारी वही आणि आपला कापडाचा धंदा

गेल्या काही वर्षांपासून 'ब्लॉकचेन' हा शब्द व्यापारी वर्तुळात वारंवार कानी पडत आहे. बिटकॉइनमुळे तो पुरता बदनामही झाला आहे. आपले पुष्कळ व्यापारी बांधव हा शब्द ऐकताच 'तो सट्टा आपल्याला नको' असे म्हणून हात झटकतात. आम्हीही तेच करीत होतो. परंतु मागच्या हिवाळ्यात आमचे ग्रे कापड नेहमी उचलणाऱ्या एका एक्स्पोर्टरने कळविले की, यापुढे प्रत्येक लॉटबरोबर सूत कोणत्या गिरणीचे, कोणत्या लॉटचे आणि कोणत्या मागावर विणले, हे लिहून हवे. त्यांच्या परदेशी ग्राहकाला ही माहिती 'ब्लॉकचेन'वर चढवायची आहे म्हणे. पंधरा दिवसांच्या आत एका सॉफ्टवेअर कंपनीचा तरुणही लॅपटॉप घेऊन आमच्या दुकानी हजर झाला. तेव्हा हे प्रकरण काय आहे हे नीट समजून घेणे आम्हाला भाग पडले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दोन वह्या, एक हिशोब

आमचे वडील मालेगावात सुताचा आणि कापडाचा धंदा करीत. त्यांची वही उर्दूत असे, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. ज्यांच्याकडून सूत येई त्या पेढीचे मुनीमजी आपली वही गुजरातीत लिहीत. शुक्रवारी माग बंद राहतात, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मुनीमजी आमच्या ओट्यावर येत. एकाने आपल्या वहीतून वाचायचे, दुसऱ्याने आपल्या वहीवर बोट फिरवायचे. दोघांचा ताळा जमला की एकमेकांच्या वहीवर सही. लिपी वेगळी, भाषा वेगळी, पण नोंद एकच. त्या सहीनंतर कोणी आपल्या वहीत एक आकडा बदलला, तरी दुसऱ्याची वही त्याला खोटे पाडण्यास समर्थ होती. आम्ही उर्दू शाळेतून सुटून दुकानी येत असू आणि तो ताळा ऐकत असू. ब्लॉकचेनची पहिली गोष्ट आम्ही तेथेच शिकलो होतो, हे आता पन्नाशी ओलांडल्यावर कळते आहे.

कल्पना करा की ही वही दोघांकडे नसून दहा जणांकडे आहे. जिनिंगवाला, सूतगिरणी, सायझिंगवाला, मागवाला, प्रोसेस हाऊस, ट्रान्सपोर्टवाला, जहाज कंपनी, बँक, कस्टम आणि परदेशी खरेदीदार. कोणीही एक नोंद केली की ती दहाही वह्यांत एकाच वेळी उमटते. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, वहीचे प्रत्येक पान भरले की यंत्र त्या पानाचा एक 'अंगठा' काढते. त्याला 'हॅश' म्हणतात. तो म्हणजे अक्षरे आणि आकडे यांची एक ठरावीक लांबीची ओळ. पानावरचा एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा पार बदलून जातो. पुढच्या पानाच्या माथ्यावर मागच्या पानाचा हा अंगठा लिहिलेला असतो. त्यामुळे कोणी मागचे एक पान गुपचूप बदलले, तर त्याच्या पुढची सगळी पाने ओरडून सांगतात की येथे हात फिरला आहे. पान म्हणजे ब्लॉक आणि ही पानांची साखळी म्हणजे चेन. यात याहून मोठी जादू नाही.

ही युक्ती बिटकॉइनहून जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकन संशोधकांनी 1991 मध्ये दस्तऐवजांवर न बदलता येणारी तारीख कशी घालावी यावर निबंध लिहिला. पुढे 1995 पासून त्यांच्या कंपनीने आठवड्याच्या सर्व दस्तांचा मिळून एक अंगठा न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातींच्या जागी छापण्यास सुरुवात केली. विचार सरळ होता. वर्तमानपत्राच्या लाखो प्रती घरोघरी गेल्यावर त्या सगळ्या परत गोळा करून बदलणे कोणाला शक्य आहे? सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला तो 2008 मध्ये. मालाच्या वाहतुकीसाठी ज्या ब्लॉकचेन वापरल्या जातात त्यांत बिटकॉइनसारखे नाणे सहसा नसते. अनोळखी माणसालाही तेथे प्रवेश नसतो. वही कोणी लिहावी आणि कोणी वाचावी हे आधी ठरलेले असते. तेव्हा सट्ट्याची भीती येथे मनातून काढून टाकावी. भीती बाळगण्यासारख्या गोष्टी दुसऱ्या आहेत.

88 गाठींचा सौदा

कापसाच्या धंद्यात या वहीचा एक गाजलेला प्रयोग ऑक्टोबर 2016 मध्ये झाला. अमेरिकेतील टेक्सासमधून चीनच्या चिंगदाओ बंदराकडे कापसाच्या 88 गाठी निघाल्या. किंमत सुमारे 35 हजार डॉलर. विकणारी ब्रायन कॉटन ही अमेरिकेतील कंपनी, घेणारी त्याच ब्रायन कॉटनची ऑस्ट्रेलियातील पेढी. एकीकडे वेल्स फार्गो बँक, दुसरीकडे कॉमनवेल्थ बँक ऑफ ऑस्ट्रेलिया. नेहमीच्या व्यवहारात येथे एलसी उघडावी लागते, कागद कुरिअरने फिरतात, एका स्पेलिंगच्या चुकीवरून बँक कागद परत करते आणि माल बंदरात पडून राहतो. एक्स्पोर्टचा अनुभव असलेल्या बांधवांना हे सांगण्याची गरज नाही. या सौद्यात कराराच्या अटीच ब्लॉकचेनवर लिहिल्या होत्या. माल कोठे आहे हे जीपीएस यंत्र वहीला कळवीत होते. माल ठरलेल्या ठिकाणी पोहोचला की पैसे मोकळे व्हावेत, अशी रचना होती. अशा आपोआप अमलात येणाऱ्या कराराला 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात.

त्या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांनी याची तारीफ केली. आम्ही मात्र ही हकीकत वाचली तेव्हा आमची नजर एका गोष्टीवर अडकली. विकणारा आणि घेणारा एकाच घरचे! भावाने भावाला माल दिला तर पैसे बुडण्याची चिंता कोणाला? बाजारात वहीची खरी कसोटी लागते ती दोन परके, कदाचित एकमेकांवर खार खाणारे व्यापारी समोरासमोर येतात तेव्हा. ही कसोटी पुढे लागली आणि फार मोठ्या प्रमाणावर लागली.

ट्रेडलेन्स : मोठी वही का मिटली?

डेन्मार्कची मर्स्क ही जगातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक. तिने पूर्व आफ्रिकेतून युरोपला जाणाऱ्या थंड कंटेनरच्या कागदांचा माग काढला, तेव्हा असे दिसले की एका खेपेमागे सुमारे 30 माणसे व संस्था आणि 200 हून अधिक पत्रे, परवाने, शिक्के, संदेश यांची देवघेव होते. एखादा कागद कोणाच्या टेबलावर राहिला की कंटेनर थांबतो आणि आतला माल सडतो. ही डोकेदुखी दूर करण्यासाठी मर्स्क आणि आयबीएम यांनी जानेवारी 2018 मध्ये एकत्र येण्याची घोषणा केली. ऑगस्ट 2018 मध्ये त्या वहीला 'ट्रेडलेन्स' असे नाव मिळाले. कंटेनर यार्डातून सुटला, जहाजावर चढला, कस्टमने सोडला, अशा सर्व नोंदी एकाच ठिकाणी सर्वांना दिसाव्यात असा तो बेत होता. तंत्र उत्तम होते, पैसा मुबलक होता. एमएससी, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइड यांच्यासारख्या मर्स्कच्या प्रतिस्पर्धी कंपन्याही 2019 मध्ये सामील होण्यास तयार झाल्या.

आणि तरीही 29 नोव्हेंबर 2022 रोजी मर्स्क व आयबीएम यांनी ट्रेडलेन्स बंद करीत असल्याचे जाहीर केले. 2023 च्या पहिल्या तीन महिन्यांत सर्व कारभार गुंडाळला गेला. कारण त्यांनीच सांगितले. साऱ्या जागतिक उद्योगाचे जे सहकार्य अपेक्षित होते ते मिळाले नाही आणि धंदा म्हणून ही गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहू शकली नाही.

बांधवांनो, या एका उदाहरणावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. मालेगावच्या बाजारात समजा सर्वांत मोठ्या सूत व्यापाऱ्याने उद्या सांगितले, की सगळ्यांनी आपला रोजमेळ माझ्या दुकानातल्या कपाटात ठेवावा, कपाट पोलादी आहे, पान फाडता येत नाही, तर किती जण ठेवतील? पोलादाबद्दल कोणाची तक्रार नसते. कपाट कोणाच्या दुकानात आहे, हे पाहिले जाते. ट्रेडलेन्सच्या बाबतीत प्रतिस्पर्धी जहाज कंपन्यांना हाच प्रश्न सुरुवातीपासून सतावीत होता. पुढे त्यांना कारभारात जागा देण्यात आली, परंतु वही मर्स्कची हा शिक्का पुसला गेला नाही. वही न पुसता येणारी होती, तसा हा शिक्काही.

बँकांचीही हीच गत झाली. युरोपातील मोठ्या बँकांनी मिळून काढलेली 'वी.ट्रेड' ही संस्था 2022 मध्ये आणि 'मार्को पोलो' 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली. मागे नावे मोठी होती, म्हणून वही टिकली असे झाले नाही.

उलट आपल्या घरचे उदाहरण पाहा. 1 एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले. पहिल्या वर्षी आपण सर्वांनी त्याच्या नावाने किती बोटे मोडली! आज आपला मुनीम चहा संपायच्या आत ई-वे बिल काढतो. त्यात ब्लॉकचेन नाही. सरकारचा एक सर्व्हर आणि मागे कायद्याचा धाक, एवढ्यावर ते चालते. न्हावा शेवा बंदरात 2016 पासून कंटेनरला छोटी रेडिओ चिप लावून त्याचा ठावठिकाणा कळवण्याची सोय झाली, तिलाही ब्लॉकचेनची गरज लागली नाही. ज्या ठिकाणी सर्वांना मान्य असा एक वही सांभाळणारा आहे, तेथे दहा वह्यांचा खटाटोप कशाला? असा सर्वमान्य माणूस नसेल आणि तरीही सर्वांना मिळून धंदा करायचा असेल, तेथेच ब्लॉकचेनचे काम आहे. आमच्याकडे आलेल्या तरुणाला आम्ही हे ऐकविले तेव्हा तो म्हणाला, "चाचा, हे आमच्या मॅनेजरलाही असे सांगता येत नाही." आम्ही त्याला आणखी एक चहा पाजला.

जेथे वही चालली तेथे बहुधा एखादा मोठा खरेदीदार काठी घेऊन उभा होता. अमेरिकेच्या वॉलमार्टने कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचा शोध घेऊन पाहिला. आंबा मेक्सिकोचा होता, आपला हापूस नव्हे. तो कोणत्या बागेतला, हे जुन्या कागदांवरून शोधण्यास जवळजवळ 7 दिवस लागले. ब्लॉकचेनवर तेच 2.2 सेकंदांत सापडले. पुढे 2018 मध्ये वॉलमार्टने पालेभाज्या पुरविणाऱ्यांना वहीवर येण्याचे फर्मान काढले आणि पुरविणारे आले. मात्र ते 2.2 सेकंद कोणाच्या पुण्याईचे, हेही विचारावे. बागेपासून दुकानापर्यंत प्रत्येकाने आपली नोंद वेळच्या वेळी संगणकात केली, म्हणून ती सापडली. साध्या संगणकीय वहीतही ती झटपट सापडली असती.

वही खरी, नोंद खोटी

आता आपल्या धाग्याकडे येऊ. येथे खरी मेख आहे.

सरकारने भारतीय कापसाला 7 ऑक्टोबर 2020 रोजी, म्हणजे जागतिक कापूस दिनी, 'कस्तुरी कॉटन' असे नाव दिले. डिसेंबर 2022 मध्ये कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आणि मुंबईची टेक्सप्रोसिल ही संस्था यांच्यात त्यासाठी करार झाला. धाग्याची लांबी, मजबुती, कचऱ्याचे प्रमाण यांची तपासणी होऊन गाठीला क्यूआर कोड मिळतो आणि तिची पुढची वाटचाल ब्लॉकचेनवर नोंदली जाते. बेत चांगला आहे. आपल्या कापसाला मिसर किंवा अमेरिकेच्या कापसासारखे नाव मिळावे, असे कोणाला वाटणार नाही?

परंतु गाठ कशी तयार होते ते पाहा. एक गाठ 170 किलो रुईची. तिला साधारण 5 क्विंटल कापूस लागतो. खानदेशात खेडा खरेदीवाला टेम्पो घेऊन दारोदार जातो. कोणाकडून दीड क्विंटल, कोणाकडून तीन. तो सगळा एकाच टेम्पोत पडतो आणि जिनिंगच्या आवारात एकाच ढिगावर ओतला जातो. म्हणजे गाठीवर कोड चिकटण्यापूर्वीच चार-पाच शेतकऱ्यांचा कापूस एकजीव झालेला असतो. कोड सांगतो की गाठ या जिनिंगमध्ये या दिवशी बांधली गेली. त्यामागचे जे काही आहे ते जिनिंगवाल्याच्या आणि त्याच्या खरेदीवाल्याच्या जबानीवर.

पुढे सूतगिरणीत तर आणखी गंमत. सूत एकसारखे यावे म्हणून गिरणी मुद्दामच पुष्कळ गाठी एकत्र उघडते आणि त्यांचे मिक्सिंग करते. ते केले नाही तर सूत बिघडते. त्या क्षणी गाठीचा क्यूआर कोड रद्दीत जातो. वही एवढेच म्हणू शकते की गिरणीत इतक्या किलो अमुक रुई आली, इतकी घट गेली आणि इतके किलो सूत बाहेर पडले. हे वजनाच्या ताळ्याचे काम झाले. कोनातला धागा कोणत्या गाठीचा, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे गिरणीने 100 किलो चांगली रुई घेऊन 140 किलो सूत 'चांगल्या रुईचे' म्हणून लिहिले, तर वजनाचा हिशोब तपासणाराच ते पकडू शकेल. ब्लॉकचेन ती खोटी नोंद तितक्याच इमानाने, कायमची, दहा वह्यांत जपून ठेवील.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये सेंद्रिय कापडाला प्रमाणपत्र देणाऱ्या गोट्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतात खोट्या प्रमाणपत्रांवर चाललेला व्यवहार उघडकीस आणला. सुमारे 20 हजार टन कापूस 'सेंद्रिय' म्हणून कागदावर फिरत होता. त्याआधी ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेच्या टार्गेट या दुकानदार कंपनीने भारतातील एका मोठ्या निर्यातदाराशी संबंध तोडले. मिसरच्या कापसाच्या म्हणून दिलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी व अभ्रे दुसऱ्याच कापसाचे निघाले होते. असा ठपका एका कंपनीवर येतो, पण त्यानंतर परदेशी खरेदीदार प्रत्येक भारतीय गाठीकडे डोळे बारीक करून पाहतो.

त्यात 21 जून 2022 पासून अमेरिकेत नवा कायदा लागू झाला. चीनच्या शिनजियांग प्रांतातील माल हा उइगुर व इतर लोकांकडून सक्तीच्या मजुरीने करून घेतलेला आहे असे गृहीत धरले जाते. नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आणणाऱ्यावर. त्या प्रांतातला कापूस दुसऱ्या कोणत्या देशात सूत-कापड होऊन आला तरी सुटका नाही. म्हणून आपल्याकडून कपडे घेणारा अमेरिकन खरेदीदारही विचारतो, रुई कोठची? तिकडचे कस्टम केवळ कागदावर विसंबत नाही. धाग्याची प्रयोगशाळेत तपासणी करून तो कोणत्या प्रदेशाच्या मातीपाण्यात वाढला याचा अंदाज घेण्याची पद्धतही ते वापरते. वहीवर पूर्ण भरवसा कोणाचाच नाही, हे यावरून कळावे. युरोपनेही जुलै 2024 मध्ये अमलात आलेल्या कायद्याने वस्तूंसाठी 'डिजिटल पासपोर्ट'ची वाट मोकळी केली आहे. त्यात कापड अग्रक्रमाच्या यादीत आहे. तो पासपोर्ट ब्लॉकचेनवरच हवा असे कायदा म्हणत नाही. विकणारे मात्र तसे भासवितात.

आमची गोष्ट

आता थोडे स्वतःविषयी, आणि ते शरमेने. 2022 च्या पावसाळ्यात आम्ही 40 काउंटच्या ग्रे कापडाचे 60 तागे एका एक्स्पोर्टरला दिले. बीम एका गिरणीच्या सुताचे होते. विणता विणता बाण्याचे सूत कमी पडले. मागवाल्याने आम्हाला फोन केला. आम्ही बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानातून सहा गोण्या पाठविल्या. तोच काउंट, जवळपास तोच भाव. गिरणी दुसरी होती हे आम्ही पाहिले नाही, मागवाल्याने विचारले नाही. ग्रे कापडात काही दिसत नव्हते. रंगाई झाली आणि कापडावर आडवे पट्टे उमटले. दोन गिरण्यांची रुई वेगळी, तिने रंग वेगळा घेतला. एक्स्पोर्टरने डेबिट नोट पाठविली. आम्ही सूतवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "40 मागितले, 40 दिले." त्याच्या बिलावर लॉट नंबर नव्हता. आमच्या आवक वहीतही नव्हता. प्रोसेसवाल्याचा दोष असेल असे आम्ही म्हणू लागलो, तर सिद्ध कशाने करणार? त्या वर्षीचा निम्मा नफा त्या 60 ताग्यांत गेला.

या घटनेनंतर आम्ही स्वतःला विचारले, की तेव्हा ब्लॉकचेन असती तर नुकसान टळले असते काय? आमचे प्रामाणिक उत्तर असे की, नसते टळले. आमच्या मुनीमाने पहिल्या गिरणीचे नाव पाहून सगळ्याच गोण्यांपुढे तेच लिहिले असते. मागवाल्याने बदललेल्या गोणीची नोंद केलीच नसती. टळले असते ते गोणीवरची चिठ्ठी फाडून वहीत डकविली असती तर. तिला दोन रुपयांचा डिंक पुरे झाला असता.

आणि येथेच आपल्या यंत्रमागाच्या धंद्याला खरा धोका आहे. ज्या मोठ्या मिलमध्ये सूत, विणाई, रंगाई सगळे एका फाटकाच्या आत होते, तिला ही वही भरणे अवघड नाही. सगळे एकाच संगणकात असते. आपल्याकडे सूत एकाचे, सायझिंग दुसऱ्याकडे, विणाई तिसऱ्याच्या शेडमध्ये, कापड रंगाईसाठी पाली किंवा बालोतऱ्याला. माल हात बदलतो तेथे नोंद तुटते. उद्या खरेदीदाराने 'पूर्ण साखळी दाखवा' असे म्हटले, तर एक्स्पोर्टर आपल्या चार मागांच्या शेडमध्ये माणूस पाठवून नोंदी लावीत बसणार नाही. तो सरळ मोठ्या मिलकडे जाईल. आपले कापड वाईट आहे म्हणून हे होणार नाही. त्याचा कागद नाही म्हणून होईल.

त्या तरुणाला आम्ही काही प्रश्न विचारले. ते बांधवांनीही विचारावेत. आमच्या नोंदी कोण पाहणार? तो म्हणाला, भाव झाकता येतो, पण पुरविणाऱ्याचे नाव खरेदीदाराला दिसणार. म्हणजे आमचा मागवाला कोण आणि सूतवाला कोण हे एक्स्पोर्टरला आयतेच कळणार. मग आमची आडत किती दिवस टिकणार? ही भीती खरी आहे. मात्र इतकेही कबूल करतो, की आपण व्यापारी पुष्कळदा 'धंद्याचे गुपित' या नावाखाली आपला गलथानपणा झाकतो. ज्याचे मोल केवळ पत्ता लपविण्यात आहे त्याची आडत तशीही जाणार आहे. जो माल तपासतो, वेळेवर पैसे देतो, मागवाल्याला अडीनडीला सूत पाठवितो, त्याला टाळून एक्स्पोर्टर जाईल कोठे? अर्थात सहा गोण्या न पाहता पाठविणाऱ्याने हे फार मोठ्याने बोलू नये!

दुसरा प्रश्न चुकीच्या नोंदीचा. मुनीमाने 60 च्या जागी 600 लिहिले तर? पुसता येणार नाही, दुरुस्तीची नवी नोंद करावी लागेल. यात आम्हाला काही वावगे वाटले नाही. जुने मुनीमही वहीत खाडाखोड करीत नसत, उलट नोंद घालीत. तिसरा प्रश्न, तुमची कंपनी बंद पडली तर आमच्या नोंदींचे काय? ट्रेडलेन्सचे नाव घेतल्यावर तो गप्प बसला. आपल्या सगळ्या नोंदींची प्रत आपल्याच संगणकावर साध्या तक्त्यात उतरवून मिळेल असे लेखी मिळाल्याशिवाय कोणी सही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चौथा प्रश्न पैशाचा. दरमहा भाडे कोण देणार? खरेदीदाराला माहिती हवी, एक्स्पोर्टरला ऑर्डर हवी, आणि भाडे ग्रे कापडवाल्याने द्यावे असा तो हिशोब होता. आम्ही नकार दिला.

परदेशी माल पाठविणाऱ्या बांधवांसाठी एक वेगळी बाब. जहाजाची बिल्टी, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याचा प्रघात वाढत आहे. इंग्लंडने सप्टेंबर 2023 पासून अशा बिलाला कागदी बिलाइतका कायदेशीर दर्जा दिला आहे, आणि जहाजांचे पुष्कळ करार इंग्लंडच्या कायद्याखाली होतात. एका बिलाचा मालक एका वेळी एकच असावा, त्याची दुसरी नक्कल दुसऱ्या बँकेकडे गहाण पडू नये, या कामाला ब्लॉकचेन खरोखर उपयोगी आहे. बँकेने हा विषय काढला तर लगेच नाही म्हणू नये.

एक्स्पोर्टरला आम्ही उत्तर असे दिले, की ब्लॉकचेन तुमची, नोंद आमची. गेल्या सात महिन्यांपासून आमच्या दुकानातून गोणी उघडी जात नाही. प्रत्येक गोणीची चिठ्ठी दोन तुकड्यांत. एक तुकडा आवक वहीत डकवला जातो, दुसरा बीमच्या दांडीला दोऱ्याने बांधला जातो. तागा उतरला की त्यावर बीमचा नंबर खडूने लिहिला जातो आणि मुनीमाचा मुलगा मोबाइलवर फोटो काढतो. महिन्याच्या शेवटी सूत किती गेले, कापड किती आले, चिंधी-घट किती, याचा वजनी ताळा. पहिल्या महिन्यात ताळा जमला नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या महिन्यात कळले की सायझिंगमधून बीम बदलून येत होते.

आमचे जुने मागवाले, जे वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे काम करतात, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, "भाई, चिठ्ठी बांधायला, नंबर लिहायला माणूस थांबला तर तेवढा वेळ माग थांबतो. त्याची मजुरी कोण देणार?" आम्ही मीटरमागे 5 पैसे वाढवून दिले आहेत. ते एक्स्पोर्टरच्या बिलात लावले तेव्हा त्यांनी ते कापून घेतले. पुढच्या ऑर्डरच्या वेळी आम्ही ते पुन्हा लावणार आहोत, आणि या वेळी चिठ्ठ्यांची वही सोबत घेऊन जाणार आहोत.